टाक्याचा उठाव : कापसाच्या मुलखातील गोधडी आणि दात्यांवाचूनची शिवण

शिवणयंत्राच्या सुईखाली, पोलादी पट्टीच्या फटींतून किंचित वर डोकावणारे बारीक दाते असतात. प्रत्येक टाक्यानंतर ते कापड पकडतात, तसूभर पुढे सरकवतात आणि पुन्हा खाली जातात. शिवण सरळ आणि एकसारखी येते ती या दात्यांमुळे. शिवणाऱ्याचा हात फक्त दिशा राखतो, टाक्याची लांबी यंत्र ठरवते.

हे दाते खाली उतरवले, की कारभार उलटा होतो. सुई जागच्या जागी वरखाली होत राहते, पण कापड पुढे न्यायला कोणीच नसते. ते काम मग दोन्ही हातांकडे येते. हात कापड डावीकडे नेतील, उजवीकडे नेतील, गोल फिरवतील. सुई त्या वाटेवर दोरा सोडत जाईल. या पद्धतीला आज जगभर ‘फ्री मोशन’ शिवण म्हणतात. गोधडीसारख्या थरांच्या उशीवर किंवा तक्क्याच्या अभ्ऱ्यावर पोत उठवायचा, तर हीच पद्धत वापरली जाते.

पोत उठतो कसा? वरचे कापड, मधला मऊ थर आणि खालचे अस्तर असे तीन पदर एकत्र शिवले, की जिथे टाका पडतो तिथे थर दबतो आणि दोन टाक्यांच्या ओळींमधला भाग फुगून वर येतो. ओळी दाट घातल्या तर पृष्ठभाग सपाट आणि कडक होतो, विरळ ठेवल्या तर गुबगुबीत. कुशल हात उशीची पार्श्वभूमी दाट टाक्यांनी दाबून टाकतो आणि मधले पान किंवा फूल न शिवता मोकळे सोडतो. ते न शिवलेले फूलच वर उठून दिसते. थोडक्यात, या कलेत आकृती सुई काढत नाही. सुई भोवतालचे सारे दाबते आणि आकृती उरते.

पाश्चात्त्य देशांत या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. परंतु जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्यासारख्या गावी एखाद्या जुन्या घरातली गोधडी उलगडली आणि तिच्यावरून तळहात फिरवला, तर तोच चढउतार बोटांना लागतो. तिथे यंत्र नव्हते, दाते नव्हते, आणि नक्षी काढावी असा हेतूही बहुतेकदा नव्हता. मग हा पोत कुठून आला, या प्रश्नाचे उत्तर कापसाच्या इतिहासात आहे.

उशीचा मागोवा घेताना मात्र आधी थोडे मागे जावे लागते. अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगरहून पाहण्याची रीत आहे. रेल्वेच्या आरंभीच्या काळात मुंबईहून येणारा प्रवासी अनेकदा पाचोरा स्थानकावर उतरे आणि टांग्याने किंवा बैलगाडीने फर्दापूरच्या वाटेला लागे. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेल्या तिथल्या भिंतींवर राजेराण्या लोड-तक्क्यांना टेकून बसलेल्या दिसतात. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे आहेत, नक्षीदार वस्त्रे आहेत, शिवलेले अंगरखेही आहेत. भरलेली, शिवून बंद केलेली, पाठीला आधार देणारी वस्तू या परिसरात किती जुनी आहे, याचा इतका रंगीत पुरावा दुसरा नाही. अर्थात ते तक्के राजवाड्यातले आहेत. त्याच काळातला शेतकरी कशावर डोके ठेवत होता, हे चित्रकाराने रंगवलेले नाही.

खानदेशच्या कापडाला पुढेही नाव राहिले. १६०१ मध्ये अकबराने खानदेश जिंकला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून त्याचे ‘दानदेश’ असे नामकरण केले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याच्या वर्णनात धरणगावच्या उंची कापडाचा नावानिशी उल्लेख येतो. फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निये याने बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, एवढेच नव्हे तर पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. १६७० च्या दशकात इंग्रजांनी धरणगावात वखार घातली आणि त्याच दशकात शिवाजी महाराजांच्या फौजांनी धरणगाव लुटलेही. गाव लुटण्याजोगे होते ते मुख्यतः कापडामुळे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि कापडाऐवजी कापसाला महत्त्व आले. मँचेस्टरच्या गिरण्यांना सूत काढायला लांब धाग्याचा स्वच्छ कापूस हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारने धरणगावातच करवती जिनांचा कारखाना घातला. कापसातून सरकी वेगळी करण्याचे हे अमेरिकी यंत्र. त्याच्या फिरत्या चक्रांना करवतीसारखे दाते असत. अमेरिकेतल्या कापसासाठी घडवलेले हे दाते इथल्या आखूड धाग्याला फारसे मानवले नाहीत. पुढे हिंदुस्थानात रुळांच्या जिनांचाच प्रसार झाला. दाते कोणाच्या मापाने बसवायचे, हा प्रश्न या गोष्टीत पुन्हा एकदा येणार आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांना उत्तरेच्या आरमाराने वेढा घातला आणि इंग्लंडला जाणारा कापूस आटला. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून मजुरांची उपासमार झाली. इकडे मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. शेतकऱ्यांनी बैलगाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा आख्यायिका या काळाविषयी सांगितल्या जातात. त्या शब्दशः घेण्याचे कारण नाही, पण पैसा खेड्यापर्यंत पोचला होता हे खरे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतील बॅक बेचे शेअर मातीमोल झाले. खेड्यात उरला तो तेजीच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचा डोंगर.

त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून खानदेशात उतरली. घाटातला मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे एका लोखंडी ओळीत ओवली गेली. भाव पडले तरी कापूस पेरणे थांबले नाही, कारण सारा आणि सावकार दोघांनाही रोकड हवी होती. पाचोऱ्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत पाचोऱ्याहून जामनेरकडे अरुंद मापाची सुमारे ५६ किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली. लोक तिला प्रेमाने ‘पीजे’ म्हणत. कापसाच्या बोंडापासून दाबलेल्या गाठीपर्यंतचा सारा प्रवास आता एका तालुक्यात होऊ लागला, आणि गाठ बांधली की ती मुंबईच्या वाटेने निघून जाई.

बायकांच्या बोटांनी वेचलेला कापूस असा गावाबाहेर गेला. घरात काय राहिले?

गादी आणि गोधडी यांतला भेद इथे कामी येतो. गादीत कापूस असतो. गावोगाव फिरणारा पिंजारी आपले धनुष्यासारखे पिंजण घेऊन येई, लाकडी ठोक्याने ताणलेली तात झंकारत ठेवी आणि गोळे झालेला जुना कापूस पुन्हा फुलवून देई. म्हणूनच गादीला टाके दूरदूर घालतात. दोनचार वर्षांनी ती उसवून कापूस पुन्हा पिंजायचाच असतो. खोळीत कापूस भरायचा, मोजक्या ठिकाणी दोरा आरपार ओढून गाठ मारायची, झाले. ज्या घरात थोडा कापूस विकायचा राखून ठेवता येत होता, तिथे गाद्या होत्या, लोड होते, लग्नाच्या बैठकीला पांढऱ्या अभ्ऱ्यांचे तक्के होते.

गोधडीत बहुधा कापूस नसतो. तिच्या पोटात जुनी लुगडी, विटलेली धोतरे, फाटके सदरे, पोरांच्या बंड्या असतात. नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे धुऊन इतके मऊ होते, की त्याच्या घड्यांचे दोनतीन थर एकमेकांवर घातले तर थंडीची रात्र निभावते. पण झिजलेल्या कापडात जोर नसतो. एकेकटा थर ओढला तर फाटेल. चारपाच थर जवळजवळ टाक्यांनी एकमेकांना बांधले, तर तेच फाटके कापड आणखी दहा वर्षे टिकते. गोधडीचा धावदोरा दाट असतो तो यासाठी. सुंदर दिसावे म्हणून कोणी एका गोधडीत हजारो टाके घालीत नाही. प्रत्येक टाका म्हणजे फाटण्याविरुद्ध घेतलेली खबरदारी असते.

आणि तोच पोतही घडवतो. हाताने धावदोरा घालताना दोरा किंचित ओढला जातो, कापड टाक्यापाशी आकसते, दोन टाक्यांमध्ये बारीक लाट उठते. पहिल्या धुण्यात दोरा आणि कापड आपापल्या परीने आटतात, लाट पक्की होते. ओळी समांतर असतील तर वाळूवर वाऱ्याने उमटाव्यात तशा रेघा दिसतात. काठाकाठाने आत सरकत जाणाऱ्या चौकटी असतील तर विहिरीत खाली पाहिल्यासारखे वाटते. बंगालच्या कांथेवर हीच लाट असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीवरही असते. तिथे शिवण कडेकडून मध्याकडे सरकत जाते आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची ‘फुले’ बसवली नाहीत तर कवंदी अपुरी मानतात. ‘कंथा’ हा शब्द मराठीलाही परका नाही. जोग्याच्या अंगावरची ठिगळांची वाकळ म्हणजे कंथा. विदर्भातील गाडगे महाराजांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रावरूनच.

गोधडी शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. कापसाची वेचणी आटोपलेली असे, पेरणीला अवकाश असे. अंगणात किंवा ओसरीवर थर पसरायचे, कडेला दगड ठेवून ताणायचे, कच्चा दोरा घालायचा आणि मग दोघीतिघींनी चार बाजूंनी बसून टाके घालीत यायचे. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब. एकीची ओळ सरळ, दुसरीची मध्येच कललेली. जुनी गोधडी नीट पाहिली तर हाताचा पालट कुठे झाला हे ओळखता येते. नवरात्रापूर्वी घरातील साऱ्या गोधड्या नदीवर धुवायला नेण्याचा परिपाठ महाराष्ट्रभर आहे. पाचोऱ्यातून वाहणाऱ्या हिवरा नदीच्या काठीही त्या आपटल्या गेल्या असणार. भिजलेली गोधडी एका माणसाला पिळता येत नाही. तिला दोन टोके धरणारे दोघे लागतात.

कापूस वेचणारे हात चिंध्या शिवून झोपतात, हे दृश्य एकट्या खानदेशातले नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात ‘जीज बेंड’ नावाची वस्ती आहे. तिथे एकेकाळी कापसाचे मळे होते आणि ते गुलामांच्या श्रमावर चालत. मळेवाल्या पेटवे घराण्याचे आडनाव आजही तिथल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना आहे. ज्या यादवी युद्धाने खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, त्याच युद्धाने या लोकांची गुलामी कायद्याने संपवली. गरिबी संपली नाही. तिथल्या स्त्रियांनी शेतात झिजलेल्या विजारी, सदरे, पोती कापून गोधड्या शिवल्या आणि भोके पडलेल्या भिंतींच्या घरांत लेकरांवर पांघरल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर टांगल्या गेल्या, पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेल्या, समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकलेशी केली, आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. शिवणाऱ्या स्त्रियांची नावे त्या गोधड्यांखाली लिहिलेली आहेत. एकाच युद्धाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन कापूस-मुलखांपैकी एकाला ही नावे मिळाली. खानदेशच्या सरकारी दफ्तरांत कापसाच्या गाठींचा हिशेब सापडतो. गोधडी शिवणारीचे नाव नाही.

आता यंत्राकडे वळता येईल. १८४६ मध्ये एलियास हाउ याने, टोकाजवळ नेढे असलेल्या सुईने दुहेरी दोऱ्याचा टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने आपले सुधारित यंत्र आणले. पण या गोष्टीतला खरा नायक कमी प्रसिद्ध आहे. १८५४ मध्ये ॲलन विल्सन याने कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या चार हालचालींचे पेटंट मिळवले: वर येणे, पुढे नेणे, खाली जाणे, मागे येणे. आजही घरोघरच्या यंत्रांतले दाते हीच चार पावले टाकतात. १८५६ पासून सिंगर कंपनीने यंत्र हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली आणि ते कारखान्याबाहेर, सामान्य घरांच्या उंबरठ्यावर आले.

हिंदुस्थानात सिंगरचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात रुजला. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी कंपनीचा इथला कारभार दीर्घकाळ सांभाळला. रेल्वे पोचली तिथे यंत्र पोचले. तालुक्याच्या गावी कापडदुकानाच्या ओट्यावर शिंपी यंत्र मांडून बसू लागला. सुरुवातीला हे यंत्र बव्हंशी पुरुषाच्या हाती होते आणि धंद्याचे होते. घरातील सुईदोरा बाईकडे, पायाचे यंत्र शिंप्याकडे, अशी वाटणी पडली.

या वाटणीचा गोधडीवर एक परिणाम झाला असावा, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. लुगडे, धोतर, उपरणे ही न कापता नेसायची वस्त्रे. ती जुनी झाली तरी सबंध असतात. त्यांची गोधडी मोठ्या सलग पदरांची होते. शिवलेले कपडे वाढले तसे कात्रण वाढले. सदरा बेतला की बगलेचे, गळ्याचे, कडेचे तुकडे उरतात. शिंप्याच्या यंत्राखाली साठलेल्या या कात्रणांनी गोधडीच्या वरच्या थराला नवे रंग दिले. यंत्राने गोधडी शिवली नाही, पण तिला चिंध्या पुरवल्या.

यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’तील एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र बनवले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षातील सिंगरचे कौटुंबिक आयुष्य या आख्यायिकेला मुळीच साजेसे नव्हते; त्याने एकाच वेळी अनेक संसार थाटले होते. तरी गांधीजींचा मुद्दा त्यामुळे पडत नाही: यंत्र माणसाचा हात निकामी करते की त्याला मदत करते, एवढेच ते विचारत होते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. बांबूची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. हेच बोस तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आले होते. अधिवेशनाबरोबर खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले आणि त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. त्याच दशकात कोलकात्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी शिवणयंत्र बनवायला घेतले. पुढील काळात हुंड्याच्या, आंदणाच्या आणि विधवेला उदरनिर्वाहासाठी द्यायच्या वस्तूंत शिवणयंत्र आले, आणि सुईदोऱ्याची जुनी वाटणी हळूहळू मोडली.

परंतु दात्यांच्या यंत्रावर गोधडी शिवणे सोपे नव्हते. दाते खालच्या थराला पुढे ढकलतात. वरचा थर पायाखाली दबून मागे रेंगाळतो. चार थर असतील तर चौघे चार वेगांनी चालतात आणि शेवटी कडेला चुण्या साचतात. शिवाय रेघ सरळच जाते. कापड वळवायचे म्हटले, तर सगळे धूड यंत्राच्या मानेखाली फिरवावे लागते. यंत्रावरच्या गोधड्यांना सरळ आडव्याउभ्या चौकटी दिसतात त्या यामुळे. धावदोऱ्याची ती बारीक लाट त्यांत येत नाही.

दाते काढून टाकण्याची युक्ती मात्र यंत्राच्या जन्मानंतर फार उशिरा आलेली नाही. ती आली रफूसाठी. फाटलेल्या जागेवर मागेपुढे दोरा फिरवून विणल्यासारखी जाळी करायची, तर कापड चारही दिशांना हलायला हवे. त्यासाठी दात्यांवर झाकणपट्टी बसवत किंवा दाते खाली घेत. मग लक्षात आले, की ज्या सुट्या सुईने भोक बुजवता येते तिने वेलबुट्टीही काढता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंगर कंपनीने यंत्रावरील भरतकामाची सूचनापुस्तके छापली. लाकडी रिंगणात कापड ताणून, पाय काढून, दाते झाकून भरतकाम करण्याची ही रीत भारतातील शिवणवर्गांतही रुळली. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ यांवरचे यंत्राने भरलेले मोर आणि गुलाब अनेक घरांतल्या कपाटांत आजही सापडतील. म्हणजे ‘फ्री मोशन’ हे नाव नवे असले, तरी इथल्या शिवणवर्गात शिकलेल्या बाईला त्यातले मूळ कौशल्य ठाऊक होते. तिने ते फक्त एकेरी कापडावर वापरले होते. थरांच्या गोधडीवर नव्हे.

थरांवर ते आणण्याचे काम अमेरिकेत १९८० च्या दशकात झाले, आणि ते वादाशिवाय झाले नाही. हाताने शिवलेली तीच खरी गोधडी, यंत्राची म्हणजे पळवाट, असे मानणारा मोठा वर्ग तिथे होता. १९८९ मध्ये केंटकी राज्यातील पडूका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या विषयावरील, यंत्राने शिवलेल्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यंत्रकामाला हा मान प्रथमच मिळत होता आणि त्यावरून बरीच खळबळ माजली. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सरसकट खोडून काढता येत नाही; यंत्राने वेग येतो आणि वेगाबरोबर उथळपणाही येऊ शकतो. पण दाते उतरवलेले यंत्र आणि दात्यांचे यंत्र यांत फरक आहे, एवढे त्यांनी पाहिले नव्हते. दाते उतरवल्यावर टाक्याची लांबी यंत्राच्या ताब्यात राहत नाही. हात भराभर फिरला तर टाके लांब पडतात, रेंगाळला तर एका जागी गुच्छ होतो. वळणावर हाताने घाई केली, तर खालचा दोरा ओढला जाऊन पापणीच्या केसांसारखे फाटे दिसू लागतात. दोन माणसांनी एकाच यंत्रावर एकच वेल शिवली तरी ती एकसारखी येत नाही.

म्हणून शिकताना उशी बरी. पूर्ण गोधडी यंत्राखाली सावरत नाही. हात-दीड हाताचा चौकोन सावरतो. तीन पदर कच्च्या दोऱ्याने किंवा टाचण्यांनी पक्के करून मध्यापासून सुरुवात करतात, म्हणजे फुगवटा कडेकडे सरकून निघून जातो. पहिली नक्षी बहुधा स्वतःला कुठेही न छेदणाऱ्या वळणावळणाच्या रेषेची असते. नकाशावरच्या नदीसारखी ती सारा पृष्ठभाग भरत जाते. ती जमली की लहान गोट्यांसारखी वर्तुळे, एखाद्या पानाभोवती पाण्याच्या तरंगांसारख्या वाढत जाणाऱ्या ओळी. टेकून बसण्याच्या उशीला फार उंच फुगवटा चालत नाही, घर्षणाने तोच आधी झिजतो. म्हणून मधोमध मध्यम दाट आणि कडेला विरळ असा हिशेब ठेवावा लागतो. ओसरीवर धावदोरा घालणाऱ्या बायकाही हाच हिशेब करीत. पाठ आणि खांदे जिथे घासतात तिथे ठिगळ जास्त, टाके जास्त.

मधल्या काळात कापडच बदलले. गेल्या काही दशकांत सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. त्यांची गोधडी टिकते, रंग जात नाही. पण ती निसरडी होते, घाम शोषत नाही आणि धुतल्यावर आटत नाही. आटत नाही म्हणून लाट उठत नाही. शहरांतल्या दुकानांत ‘गोधडी’ नक्षीच्या उशा मिळतात, त्यांच्या पोटात बहुधा पॉलिएस्टरचा फुगीर धागा असतो. कापसाच्या जिल्ह्यातही तोच भरला जातो, कारण तो स्वस्त आहे आणि पिंजावा लागत नाही. पिंजाऱ्याची तात बऱ्याच गावांतून कधीच थांबली आहे. पाचोरा-जामनेरची छोटी गाडीही २०२० पासून बंद आहे.

जुन्या गोधड्या संग्रहालयांत फारशा का नाहीत, याचे कारण त्यांच्या वापरातच आहे. गोधडी पांघरायची, विटली की अंथरायची, आणखी फाटली की बाळाच्या दुपट्याखाली घालायची, मग बैलाच्या पाठीवर, शेवटी उंबऱ्याशी पाय पुसायला. जपून ठेवण्याजोगी वस्तू म्हणून तिच्याकडे पाहिले गेलेच नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो अगदी अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात.

आणखी एक रीत होती. गोधडी जीर्ण झाली पण फेकवत नसेल, तर तिच्यावर खालून-वरून नवे लुगडे चढवून, ती तशीच्या तशी आत ठेवून, पुन्हा सारे टाके घालायचे. काही घरांतल्या जड गोधड्यांच्या पोटात अशी आजीची गोधडी असते, आणि कधी तिच्याही पोटात आणखी जुनी. तिचे टाके वरून दिसत नाहीत. नव्या टाक्यांच्या ओळी मात्र त्यांच्यावरून जाताना ठिकठिकाणी किंचित उंच होतात, आणि तळहात फिरवला तर तो उंचवटा लागतो.